पोतराजाच्या आभरणास हंसणारांस दोन शब्द

(कृष्णाकांठच्या एका गांवीं चैत्री यात्रेच्या दिवशीं भरलेल्या सभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



आज यात्रा आहे. दुपारीं कुस्त्यांचा फड आहे आणि रात्रीं तमाशा आहे, तेव्हां मास्तराचें बोलणें लांबूं नये एवढें आम्हांस कळतें. परंतु आज सांगावयाचें आहे तें आमच्याच एका चुकीबद्दल आहे. चूक चारचौघांत झाली, म्हणून ती चारचौघांतच सांगितली पाहिजे.

माघांत शाळेचें संमेलन झालें. आपणांपैकीं बहुतेक जण त्या मांडवांत होतां. मुलांच्या वेषांचा कार्यक्रम होता. कोणी शिवाजी महाराज झाला, कोणी सावित्रीबाई झाली, कोणी डॉक्टर झाला. एका खात्यापित्या घरचा मुलगा पोतराज होऊन आला. कमरेला आईच्या साड्यांच्या पट्ट्या, कपाळाला मळवट, पायांत घुंगरें, हातांत सुताची दोरी. येथपर्यंत ठीक होतें. पण तो ओठ रंगवून, कंबर लचकवीत, पदर नसतांना पदर सांवरीत आला. मांडव हंसून हंसून लोटपोट झाला. आम्हीही हंसलों. परीक्षक आम्हीच होतों. पहिलें बक्षीस आम्हींच आमच्या हातानें त्याला दिलें.

तिसऱ्या रांगेंत चौथीचा एक मुलगा बसला होता. त्याच्या आजानें ऐन उमेदींतलीं सगळीं वर्षें पंचक्रोशींत पोतराजकी केली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणीतरी मागें वळून त्याच्याकडे बोट दाखविलें. मग दुसऱ्यानें. तो खेळ कोणीतरी मोबाईलांत धरला होता. रात्र व्हायच्या आंत तो गांवांतल्या घरोघरीं फिरला. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं नाहीं. नऊ दिवस झाले, तेव्हां आमच्या डोक्यांत उजेड पडला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं याच मुलखांत, कराड तालुक्यांतल्या काले गांवीं, रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीला बसविलीं. त्या मुलखांतल्या शाळेंतून एक पोर गुरुजींच्या हंसण्यामुळें घरीं बसलें. आमची मान खालीं गेली ती अजून पुरती वर आलेली नाहीं.

आम्ही त्याच्या घरीं गेलों. म्हातारे दारांतच दोर वळीत बसले होते. आम्हांला पाहून उठूं लागले. आम्ही म्हटलें, “आजोबा, उठूं नका. आम्ही माफी मागायला आलों आहोंत.” तेव्हां ते हंसले. म्हणाले, “गुर्जी, माफी कशाची? लोक हसत्यात, ही काय आजची गोष्ट न्हवं. बसा.”

चहा झाला. मग त्यांनीं आंतून एक पत्र्याची पेटी आणविली. तिच्यांत तळाशीं तें वस्त्र घडी करून ठेवलें होतें. आम्ही म्हणून गेलों, “हा घागरा अजून जपून ठेवला आहे काय?” म्हातारे एकदम गंभीर झाले. “घागरा न्हवं, गुर्जी. आभरान. घागरा बाईमाणूस नेसतं.” मग त्यांनीं तें उलगडलें. हिरवे, जांभळे, तांबडे, काळ्या काठांचे खण एकाला एक जोडलेले. “हे सगळं तुमच्याच गावाचं हाय. देवीला वाहिलेलं खण माझ्याकडं यायचं, म्हातारी ते जोडायची. ह्यो पाटलाच्या वाड्यातला. ह्यो सुताराच्या घरचा, पोरगं तापातनं उठलं तवाचा.” आणि एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो तुमच्या आईनं दिल्याला.”

बंधूंनो, ज्या वस्त्राला आम्ही मांडवांत हंसलों त्यांत आमच्या आईचा खण शिवलेला होता. आपण घरीं जाऊन विचारून पाहा, आपल्याही घरचा एखादा तुकडा त्यांत सांपडेल.

म्हाताऱ्यांनीं तक्रार अशी केलीच नाहीं, पण बोलतां बोलतां दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी. “त्या पोरानं बाईची चाल का धरली, ते मला कळलं न्हाई. म्या मिशीला पीळ देऊन हिंडलो. बायको होती, पोरं होती. मरीआईचा गडी होतो म्या. बाई कुणी केली मला?” दुसरी गोष्ट सांगतांना त्यांनीं सदरा वर करून पाठ दाखविली. त्या पाठीवरचे वळ इतक्या वर्षांनींही दिसतात. म्हणाले, “हसणारं कापडाला हसलं. हिकडं कुणी बघितलं न्हाई.”

या दोन गोष्टींवरच आज बोलावयाचें आहे.

पहिली गोष्ट वस्त्राची. कमरेखालीं घेर असला कीं तो वेष बायकी, आणि दोन पाय वेगवेगळे झांकले कीं मर्दानी, ही समजूत कोठून आली? आमच्या घरांत तर उलटेंच होतें. आमच्या आज्या नऊवारी लुगडें नेसत तें कासोटा मारून. त्याच कासोट्यावर त्या भांगलणीला जात, डोक्यावर पाटी घेत. दोन्ही पाय मोकळे, धोतरासारखे. आणि त्याच काळांतले पुरुष? शिवछत्रपतींचीं त्यांच्या हयातींत किंवा लगोलग काढलेलीं चित्रें पाहा. अंगांत घोळदार जामा, कमरेला जरीचा पटका, डोक्यावरील पागोट्याला तुरा. जाम्याचा घेर बाईच्या परकरापेक्षां कमी नसे. तो घालून माणसें घोड्यावर बसलीं आणि त्यांनीं किल्ले घेतले. कानांत भिकबाळी, मनगटांत कडें, कमरेला चांदीचा करदोडा हीं तर आमच्या पणज्यांच्या अंगावर होतीं. त्यांना कोणी नटवे म्हटलें नाहीं.

लांब कशाला जावें? कवठेमहांकाळ तालुक्यांत आरेवाडीच्या बनांत बिरोबाची यात्रा भरते. तेथें धनगर बांधवांचें गजीनृत्य ज्यानें पाहिलें असेल त्यानें सांगावें. ढोलावर टिपरी पडली कीं पांढरेशुभ्र घोळदार झगे घातलेले, डोक्याला फेटे बांधलेले, हातांत रंगीत रुमाल घेतलेले बापे रिंगण धरतात. गिरकी घेतली कीं झग्याचा घेर छत्रीसारखा उघडतो. त्यांत साठीचे म्हातारे असतात, पैलवान असतात. कोणाची हंसण्याची छाती आहे? लग्नानंतर आपल्या दारांत गोंधळ घालतो तो गोंधळीही पायघोळ झगा घालतो, गळ्यांत कवड्यांची माळ घालतो. त्याच्या पाया आपण पडतों. मग हंसूं येतें तें घेराला येतें कीं घेराच्या आंतल्या माणसाच्या जातीला? पोतराजकी बहुतेक मांगवाड्याच्या वांट्याला आली. हें उत्तर आम्हांला त्या ओट्यावर बसल्या बसल्या मिळालें, आणि तें गोड नव्हतें.

आतां दुसरीकडे पाहूं. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतों. १८४३ सालीं तेथें विष्णुदास भाव्यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या काळांत स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. पुढें याच जिल्ह्यांतल्या नागठाण्याशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे ते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्मास आले (१८८८). उंची शालू, खरे दागिने, अत्तरें; शहरांतल्या बायका त्यांचें पाहून लुगडीं नेसूं लागल्या. रंगभूमीवरून उतरले कीं ते घरसंसाराचे पुरुषच. १९६४ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि १९६८ सालीं पुण्याच्या नाट्यगृहाला त्यांचें नांव दिलें गेलें. आमचा त्यांच्यावर राग नाहीं. तो गळा पुन्हां होणें नाहीं, आणि त्यांचीं पदें आम्ही आजही लावतों. पण गोष्ट ध्यानांत घ्या. त्यांनीं स्त्रीवेष घेतला, तो अगदीं बाई दिसण्यासाठींच घेतला, आणि त्याला कला म्हटलें. तमाशांतल्या नाच्यानें तेंच केलें तर त्याचें लग्न जुळायची पंचाईत. ‘नटरंग’ (२०१०) या सिनेमांत त्या गड्याचे काय हाल झाले ते आपण पाहिलेच आहेत. आणि पोतराज तर बाईचें सोंगच घेत नाहीं. मिशी ठेवून, उघड्या अंगानें, पुरुष म्हणूनच तो उभा राहतो. त्याच्या वांट्याला मात्र सर्वांत जास्त हंसें. शालूला टाळ्या आणि खणांच्या तुकड्यांना टवाळी, असा हा न्याय आहे.

जगांतही पाहा. स्कॉटलंडांतले डोंगरी लोक कमरेला चुणीदार चौकडीचें वस्त्र गुंडाळतात. मांड्या झांकतात, गुडघे उघडे. १७४५ सालीं त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं इंग्रज राजाविरुद्ध बंड केलें. बंड मोडल्यावर सरकारनें १७४६ सालीं कायदा करून हा पोषाखच बंद केला. फौजेंतल्या शिपायांना तेवढी सूट होती. १७८२ सालीं तो कायदा उठला. बायकी वस्त्र म्हणून नव्हे, तर तें नेसणारे मर्द जड जातात म्हणून सरकारनें तें बंद केलें होतें! ग्रीस देशांत राष्ट्रपतींच्या वाड्यावर पहारा करणारे निवडक सैनिक आजही पांढरा चुणीदार घागरा घालतात. त्याला चारशें चुण्या, तुर्कांच्या राज्याच्या चारशें वर्षांच्या, असें तेथें सांगतात. आमच्या शेजारीं तेलंगणांत आषाढांत बोनालूचा सण होतो. तेथें अंगाला हळद फांसून, हातांत कोरडा घेऊन जो नाचत पुढें चालतो त्याला पोतराजू म्हणतात. तो देवीचा भाऊ. नांव तेंच, महिनाही मरीआईचाच. भाऊ म्हटलें म्हणजे पुरुष झाला कीं नाहीं?

एक गोष्ट येथें सांगून टाकतों. यल्लम्माला सोडलेले जोगते लुगडें नेसतात, त्यांतल्या कित्येकांना आपण बाईच आहोंत असें मनापासून वाटतें. त्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यांनाही हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. पण सगळ्यांना एका माळेंत ओंवूं नये. पोतराजाला विचारलें तर तो स्वतःला गडी म्हणतो. तेव्हां त्याला गडी म्हणावें.

आतां दुसरी गोष्ट, पाठीवरच्या वळांची. कोणी म्हणेल, मास्तर आज अंधश्रद्धेची वकिली करावयास उभे राहिले. तसें नाहीं. मूल आजारी पडलें म्हणून तें मरीआईला वाहणें, त्याचे केंस न कापणें, मोठेपणीं त्याच्या हातांत कोरडा देणें, हें सारें बंद झालें पाहिजे. आणि तें आमच्यापेक्षां जास्त कळकळीनें ते म्हातारेच सांगतात. त्यांनीं आपल्या मुलाचे केंस राखले नाहींत. साताऱ्याचे पार्थ पोळके यांनीं १९८४ सालीं आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली, तिचें नांवच ‘आभरान’. पोतराजाच्या घरांतला मुलगा शिकला आणि त्यानें आंतून सांगितलें, तें बाहेरून हंसणाऱ्यांनीं एकदां वाचावें. आमच्या शाळेच्या कपाटांत तें पुस्तक आतां आणून ठेवलें आहे.

पण हा कोरडा त्या पाठीवर आला कसा, तें विचारलें पाहिजे. पटकीची सांथ आली कीं गांवें ओस पडत. त्या काळीं मरीआईचा गाडा भरून गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. गाड्यापुढें कोण? पोतराज. म्हाताऱ्यांचे वडील असे गाडे घेऊन गेलेले होते. बामणापासून कुणब्यापर्यंत सगळे दारें लावून आंत बसले असतां, सांथीच्या तोंडावर जाणारा गडी तो एकटा होता. पटकी पाण्यांतून येते, हें त्याला ठाऊक नव्हतें, गांवालाही नव्हतें. जर्मन डॉक्टर कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्याच्या तळ्यांत तिचे जंतू दाखविले. पण कलकत्त्याची बातमी आमच्या आडावर पोंचायला किती पिढ्या लागल्या! तोंपर्यंत देवीचा कोप म्हणून आम्हीं आमची भीति त्या एका माणसाच्या पाठीवर टाकली. तो स्वतःला मारून घेई, आम्ही सुपांतून दाणे घालूं, आणि आमचें मन हलकें होई.

आणखी एक. हा माणूस मुळांत भिकारी नव्हता, कारागीर होता. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलांचीं दावीं, कासरे, गाडीचीं चऱ्हाटें हें सारें मांगवाड्यांतून येई. केकताड कापायचें, पाण्यांत कुजवायचें, झोडपायचें, वाख काढायचा, मग पीळ द्यायचा. ज्यांनीं मोट हांकली आहे त्यांना नाड्याची किंमत सांगायला नको; तो तुटला तर मोट विहिरींत. सुगीला त्याचें बलुतें ठरलेलें. पुढें विहिरींवर इंजिनें आलीं, मग विजेचे पंप आले, मोटा गेल्या. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आले, आणि उरलेल्या दाव्यांना बाजारांत नायलॉनची दोरी मिळूं लागली. बलुतें बंद झालें. आपल्याला पंप मिळाला, त्याला काय मिळालें? घरांत आभरण होतें, तें त्यानें रोजच्या रोज कमरेला बांधलें. आषाढांतलें काम बारमाही झालें. बायकोनें देव्हारा डोक्यावर घेतला, ढोलकें वाजविलें, आणि तो आठवड्याच्या बाजारांत कोरडे ओढूं लागला.

याच जातींतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे ही जोतीराव फुल्यांच्या शाळेंत शिकली आणि १८५५ सालीं तिनें मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. याच जातींतले अण्णा भाऊ साठे १९२० सालीं आपल्या वाटेगांवीं जन्मले, आणि त्यांनीं तमाशाचें लोकनाट्य करून तें मजुरांच्या हातीं दिलें. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो कोणावर उगारला, हें आपण जाणतों. आणि असूड वळणाऱ्याच्याच घरांत तो असूड त्याच्याच पाठीवर पडत राहिला. आम्ही सत्यशोधकी वळणाचीं माणसें म्हणवितों, पण आमची टीकाही कोठें पडली पाहा. ज्याच्या अंगावर वळ उठले त्याच्या कपड्यावर आम्ही टीका केली, आणि ज्यांच्या दारांत तो नाचला त्यांना, म्हणजे आम्हां आपणांला, मोकळें सोडलें.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली अशी कीं, गांवांत पोतराज आला तर त्याला कोरडा ओढूं देऊं नका. पोरें “मार, मार” म्हणून ओरडतात तें बंद करा. नाच बघा, ढोलकें ऐका, द्यायचें तें माणूस म्हणून द्या, आणि त्याच्या बरोबर पोर असेल तर तें कोणत्या शाळेंत आहे एवढें विचारा. नसेल तर आम्हांस कळवा. दुसरी मागणी अशी कीं, म्हाताऱ्या कलावंतांना राज्य सरकारकडून मानधन मिळतें. आजोबांचा अर्ज आम्हीं लिहिला आहे. तो दाखल करावयाचा आहे. त्यांनीं उभी हयात ही कला केली याला गांव साक्षी आहे, असें लिहून सह्या द्याव्या. कागद आमच्याजवळ आहे; सभा संपल्यावर येथेंच पारावर ठेवूं.

बक्षीस मिळालेल्या त्या मुलाचा आम्हांला राग नाहीं. तो दहा वर्षांचा आहे. त्यानें मोठ्यांना हंसतांना पाहिलें तेंच केलें. तो आपण होऊन त्या घरीं गेला होता. काय बोलला तें आम्हांस ठाऊक नाहीं, पण येतांना केकताडाची एक लहान दोरी घेऊन आला आणि ती त्यानें वासराला बांधली आहे.

चौथीचा आमचा विद्यार्थी दहाव्या दिवशीं शाळेंत आला. मागच्या बांकावर बसला. आठवडाभर बोलला नाहीं. एक मेच्या झेंडावंदनाला मुलांचें गजीनृत्य बसवायचें ठरलें आहे. वाडीवरचे एक जुने ढोलकरी संध्याकाळीं शिकवायला येतात. परवां तालीम चालू असतां हा दारांत येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गुर्जी, म्या झगा घातला तर चालंल का?” आम्ही ढोलकऱ्यांकडे पाहिलें. तो बिरोबाचा झगा. त्यांच्या मनांत काय येईल, याची आम्हांला धास्ती होती. त्यांनीं पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलें, आणि टिपरी उचलून म्हणाले, “झग्याचं मागनं बघू. आधी पाय पडतोय का ढोलावर, ते दाव.”

पाय पडतो. आजाचाच आहे. आतां चौदा झगे शिवायचे आहेत. आपल्या गांवच्या शिंप्यांनीं शिलाई घेणार नाहीं म्हणून सांगितलें आहे, पण घेर चांगला यायचा तर कापड पुष्कळ लागतें. ज्यांना पांढरें कापड द्यायचें असेल त्यांनीं तें रविवारपर्यंत शाळेंत पोंचवावें.